गुत्ता दारूचा आणि गुत्ता सत्तेचा

गावात कोणी दारूच्या नादी लागला की त्याला बेवडा म्हणायला आपण मागेपुढे पाहत नाही. त्याच्या पोरीची सोयरीक मोडते, किराणावाला उधारी बंद करतो, सोसायटीचा सचिव त्याला दारातूनच वाटेला लावतो. त्याच गावात दुसराही एक जण असतो. तीन निवडणुकांत त्याने वडिलोपार्जित जमिनीतली निम्मी जमीन फुंकलेली असते, बायकोचे दागिने सोनाराकडे ठेवलेले असतात, सख्ख्या भावाशी बोलणे टाकलेले असते, आणि चौथ्यांदा उभे राहायची त्याची तयारी चाललेली असते. त्याला मात्र आपण 'भाऊ' म्हणतो, 'साहेब' म्हणतो, पोळ्याच्या दिवशी पहिला नारळ त्याच्या हातात देतो. आमच्या मते या दोघांचा रोग एक आहे. आणि पहिल्याचा रोग बरा होत नाही याचे मोठे कारण असे, की दुसऱ्याचा रोग त्याच्यावर पोसला जातो.

'सत्तेची नशा' हा शब्द भाषणांतून फार स्वस्त झाला आहे. जो तो तो विरोधकाबद्दलच वापरतो. म्हणून शब्द बाजूला ठेवू आणि लक्षणे तपासू, जशी वैद्य तपासतो.

दारुड्याची मात्रा वाढत जाते. आधी नव्वदवर भागते, मग पव्वा लागतो, मग सकाळी डोळे उघडायलासुद्धा घोट लागतो. खुर्चीचेही तसेच. आधी सेवा सोसायटीचे संचालकपद पुरते. मग सरपंचकी, मग बाजार समिती, मग पंचायत समिती, जिल्हा परिषद. पहिल्या पायरीवर जो गडी गटसचिवाच्या चहावर खूश होता, तोच वरच्या पायरीवर हार लहान आणला म्हणून रुसून बसतो. दुसरे लक्षण खोटे बोलण्याचे. 'उद्यापासून सोडली, पोराच्या गळ्याची शपथ' आणि 'ही माझी शेवटचीच निवडणूक, पुढच्या वेळी तरुणांना संधी' ही दोन वाक्ये ऐकून पाहा. सूर एकच आहे. तिसरे लक्षण असे, की सुटली म्हणजे अंग थरथरते. पडलेल्या उमेदवाराच्या ओसरीवर सकाळी चपला दिसत नाहीत, फोन वाजत नाही, तहसिलीतला बाबू खुर्चीवरून उठत नाही. पंधरा दिवसांत तो माणूस अर्धा होतो, आणि महिन्याभरात, ज्या पक्षाला गावोगाव शिव्या दिल्या त्याच पक्षाचा दुपट्टा गळ्यात घालून परत येतो. मोटारीवरचा लाल दिवा १ मे २०१७ पासून सरकारने काढून टाकला, तेव्हा काही पुढाऱ्यांचे चेहरे घरात मयत झाल्यासारखे होते. दिवा गेला, भोंगा अजून वाजतो आहे.

कायद्याला न जुमानण्यातही दोन्ही व्यसने सारखीच. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला, २००३ साली आणखी आवळला. एकट्या आमदाराने उडी मारली तर आमदारकी जाते. दोन तृतीयांश मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर जात नाही. २०२२ साली आणि पुन्हा २०२३ साली महाराष्ट्राने काय पाहिले ते येथे उगाळत नाही. दारूचा कायदाही याच घरातला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा, आज त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. नाव दारूबंदीचे, आणि दुकान उघडायचा परवाना, पिणाऱ्याचा परवाना, सारे मिळते ते याच कायद्याखाली. तो राबवणाऱ्या खात्याला दर वर्षी उद्दिष्ट दिले जाते ते महसूल किती गोळा करायचा याचे.

मराठवाड्यात दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतात. गुत्ता म्हणजे मक्ता. रस्त्याचे, नालीचे, बंधाऱ्याचे काम घेतो तोही गुत्तेदारच. आपल्या आज्या-पणज्यांनी एकच शब्द दोन्हीकडे वापरला तो उगाच नव्हे. आजही तालुक्याच्या गावी जाऊन पाहा. देशीचा परवाना, रस्त्याचे कंत्राट आणि निवडून येण्याची पदे किती वेळा त्याच तीन-चार घरांत फिरतात ते मोजा.

उमेदवार दारू का वाटतो? मत विकत घेण्यासाठी, असे शहरातले लोक समजतात. आमचा अनुभव वेगळा आहे. पव्व्यावर मत फिरवणारे थोडे. दोघांकडचा घेऊन तिसऱ्याला मत देणारे बहाद्दर प्रत्येक गावात आहेत. दारू वाटली जाते ती पुढे हिशेब विचारला जाऊ नये म्हणून. रात्री ज्याच्या पैशाने ढाब्यावर बसला, त्याला सकाळी ग्रामसभेत उभे राहून कोणी विचारत नाही की पीकविम्याचे काय झाले, बाजार समितीत मापात कटती कोणाच्या आशीर्वादाने मारतात, गावतलावाचा गाळ कागदावर किती निघाला आणि खरा किती. खाल्ल्या मिठाची जाण आपल्या माणसाला फार. ती जाण वाईट नाही, पण तिचाच फास करून पुढारी आपल्या गळ्यात टाकतो.

यात सर्वांत मोठे नुकसान तरण्या पोरांचे होते. पोरगा बारावीनंतर घरी बसलेला. कोरडवाहू पाच एकरांत त्याचे मन लागत नाही, आणि लागावे असे तिथे काही ठेवलेलेही नाही. मोटारसायकलच्या मिरवणुकीत पेट्रोल मिळते, दुपारी मटण, रात्री बाटली, आणि चौकातल्या फलकावर कोपऱ्यात का होईना फोटो. दोन वर्षांत त्याला एकदम दोन व्यसने लागतात. बाटली सुटेल एक वेळ, फलकावरचा फोटो सुटत नाही. इकडे पऱ्हाटीत तण माजते आणि माय दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावाने वेचणीला जाते.

घरातल्या खर्चाचा आकडा मांडून पाहू, म्हणजे हवेत बोलल्यासारखे होणार नाही. जून २०२५ मध्ये सरकारने नवे दर ठरवले तेव्हा देशीच्या पव्व्याची किमान किंमत ८० रुपये धरली. रोज एक पव्वा म्हणजे वर्षाला २९,२०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे साडेतीन क्विंटलांहून जास्त कापूस बाटलीत गेला. संकरित ज्वारीच्या ३,६९९ रुपयांच्या हमीभावाने धरले तर जवळपास आठ क्विंटल ज्वारी. आणि हमीभाव पदरात पडला असे समजून हा हिशेब केला आहे. प्रत्यक्षात दारात येणाऱ्या व्यापाऱ्याने जो भाव दिला तो धरला तर आणखी दोन-तीन चुंगडी वाढवा. पिणारा एक असतो, या चुंगड्यांची मशागत, निंदणी, वेचणी करणारे हात चार असतात, आणि त्यांतले बहुतेक बाईचे.

आता या व्यवस्थेच्या मुळाशी जाऊ. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा केला. त्याआधी गावोगावी मोहाची दारू गाळली जात होती, ताडी काढली जात होती. हे काही सत्ययुग नव्हते. पण पिणे आणि गाळणे दोन्ही गावच्या नजरेखाली होते. सरकारने भट्ट्या मोडल्या, दारू गाळणे ठरावीक ठिकाणी आणले, विक्रीचे मक्ते दिले आणि तिजोरीत पैसा ओढला. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा करून मोहाची फुले साठवण्यावरसुद्धा बंधने घातली. आदिवासीच्या घरात त्याचेच फूल गुन्हा ठरले, आणि मक्तेदाराची बाटली कायदेशीर. दोनच वर्षे मागे-पुढे नव्हे, पहिल्यापासून हे ओळखणारे लोक होते. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लेखी विचारणा केली होती. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा, त्यांच्या घराची वाताहत वडिलांच्या दारूने झाली. बाबांनी आयुष्यभर कीर्तनातून दारूवर झाडू चालवला आणि स्वतः कुठल्या खुर्चीला शिवले नाहीत. आज त्यांच्या पुतळ्याला हार घालायला पुढाऱ्यांची रांग लागते. संध्याकाळी ती रांग कोठे जाते ते विचारू नये.

गोरा गेला, तिजोरीची सवय राहिली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूचे दुकान नको. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू व्हायचा होता. दुकान मागे सरकवणे हा एक मार्ग होता. आपल्या सरकारने दुसरा शोधला: रस्त्याचे महामार्गपणच काढून घेतले. यवतमाळ, जळगाव, लातूर या शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांच्या बाबतीत हे घडले. ज्या रस्त्याच्या खड्ड्यांसाठी आपण वर्षानुवर्षे निवेदने देतो, त्याचा दर्जा बाटलीसाठी हा असा झटक्यात बदलला. मे २०२० चा महिना आठवा. टाळेबंदी होती. आपला कापूस घरात पडून, खरेदी केंद्रावर नोंदणी करून नंबर कधी लागतो याची वाट पाहत आपण बसलो होतो, पुढच्या पेरणीचे बियाणे घ्यायला हातात पैसा नव्हता. त्या वेळी दारूची दुकाने उघडली आणि त्यांच्यापुढे रांगा लागल्या. सरकारला दोन्ही रांगा दिसत होत्या. एकीला द्यावे लागत होते, दुसरीकडून मिळत होते.

२०२५ च्या जूनमधल्या निर्णयाने दारूवरचे शुल्क वाढवून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा सरकारचा अंदाज होता. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०२४ पासून, बहिणींच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये टाकायला सुरुवात झाली होती. सरकार दोन्ही गोष्टी एका वाक्यात बोलत नाही, आम्ही बोलतो. नवऱ्याच्या खिशातून रोजचे ८० काढायचे म्हणजे महिन्याचे २,४००, आणि त्यातून बायकोला १,५०० ओवाळणी घालायची. वर तिने मतही द्यायचे.

व्यसन आणि सत्ता एकमेकांना कसे हाताशी धरतात याचा पुरता पाठ पाहायचा असेल तर आपल्या शेजारच्या आंध्राकडे पाहावे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या सीमेपलीकडचा तेलंगण तेव्हा त्याच राज्यात होता, तिथेही आपल्यासारखाच कापूस पिकतो. एन. टी. रामारावांनी १९८३ साली सत्ता घेतली आणि दोन रुपये किलोने तांदूळ दिला. त्याच दशकात त्यांच्याच सरकारने सारा, म्हणजे तिकडची देशी, सरकारी योजनेतून पाकिटांत भरून खेड्यापाड्यांत पोचवली. एका हाताने तांदूळ, दुसऱ्या हाताने सारा. १९९२ साली नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावाच्या बाया उठल्या. साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकता शिकता त्या आपल्या घरच्या दारूवर बोलू लागल्या आणि त्यांनी गावातले दुकान बंद पाडले. लोण जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरले. साऱ्याचे लिलाव होऊ देईनात. शेवटी १९९३ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या काँग्रेस सरकारला साराबंदी करावी लागली.

इथपर्यंत गोष्ट बायांची होती. इथून पुढे ती पुढाऱ्यांची झाली. ज्या रामारावांच्या सरकारने पाकिटे पोचवली होती, तेच १९९४ च्या निवडणुकीत संपूर्ण दारूबंदीचे वचन घेऊन उभे राहिले, प्रचंड बहुमताने आले आणि जानेवारी १९९५ मध्ये बंदी आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जावई चंद्राबाबू नायडू यांनी सासऱ्याला खुर्चीवरून खाली ओढले. १९९७ मध्ये तिजोरीचे कारण सांगून बंदी उठली. २०१९ साली जगनमोहन रेड्डी टप्प्याटप्प्याने दारूबंदीचे वचन देऊन आले आणि त्यांनी दुकानेच सरकारच्या ताब्यात घेतली. पुढे दारूच्या येणाऱ्या उत्पन्नावर सरकारी महामंडळाने कर्ज उचलले. २०२४ च्या निवडणुकीत नायडूंनी उघड वचन दिले, चांगली दारू स्वस्तात देऊ. ते निवडून आले, आणि त्या ऑक्टोबरपासून ९९ रुपयांचा पव्वा दुकानात आला. दारू दिली तरी सत्ता, बंद केली तरी सत्ता, परत चालू केली तरी सत्ता. नेल्लूरच्या बायांनी गावात जे स्वतः बंद पाडले होते, ते एकदा मुख्यमंत्र्याच्या सहीवर गेल्यावर त्यांच्या हातात काही उरले नाही.

आपल्याकडे एक जास्तीचा प्रकार आहे. आपल्याकडे दारूचे धोरण शेतकऱ्याच्या नावाने आणतात. २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देण्याचे धोरण आणले. सांगितले काय, तर पावसात काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल. अनुदान ज्वारीवर नव्हते, लिटरवर होते. कारखान्यांच्या मालकांत आणि संचालकांत सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांची आणि त्यांच्या सोयऱ्यांची नावे निघाली, बोभाटा झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. आणि ज्वारीचे काय झाले? खरिपाची ज्वारी आपल्या शिवारातून उठली. तिच्या जागी सोयाबीन आले. ज्याच्या नावाने लग्न लावले तो नवरदेव मांडवातच नव्हता. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकायचा निर्णय झाला, तेव्हाही द्राक्षवाल्या शेतकऱ्याचेच नाव पुढे केले होते. आमचे म्हणणे सरळ आहे. ज्वारीला भाव द्यायचा तर ज्वारीला द्या, तिची निर्यात, साठवण, प्रक्रिया मोकळी ठेवा. भाव पाडायचे वेळी आपले नाव कोणाला आठवत नाही, बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची असली की मात्र शेतकरी.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला शहरातून येतो: शेतकरी दारू पितो म्हणून कर्जबाजारी होतो, म्हणून फास घेतो. हे म्हणणाऱ्यांनी आधी वरचा हिशेब उलटा करून पाहावा. जे घर पित नाही, माळकरी आहे, त्याच्याही सातबाऱ्यावर बोजा आहेच. उत्पादनखर्च भरून निघत नाही, तिथे कर्ज दारूवाचूनच होते. दारू त्या कर्जावर बसलेले गिधाड आहे, कर्जाची आई नव्हे. दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे आणि तो जास्त मोलाचा आहे. शेतमालावरची बंधने उठवा म्हणणारे आपण, सरकारने आमच्या बाजारात हात घालू नये म्हणणारे आपण, मग दारूवर सरकारी बंदी कशी मागतो?

आम्ही ती मागत नाही. वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून कोरडा आहे आणि वर्ध्यात दारू मिळते हे सांगायला ज्योतिषी नको. चंद्रपुरात बायांनी वर्षानुवर्षे लढा दिला, २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या, १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली, आणि २०२१ साली मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत उठली. देणाऱ्याने दिली, देणाऱ्याने काढली. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी टिकून आहे. तिथे डॉक्टर बंग दांपत्य आणि गावोगावचे लोक तिच्यामागे उभे राहिले, गावांनी स्वतःचे ठराव केले, म्हणून टिकली. पोलिसांच्या हातात दारूबंदी दिली की पोलिसांचा एक नवा गुत्ता तयार होतो. बंदीचा अधिकार आम्हाला मंत्र्याच्या हातात नको आहे. दुकान गावात असावे की नाही हे ठरवायचा अधिकार त्या गावच्या बाईच्या हातात हवा आहे. चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी बाया जमल्या, त्यानंतर जी भाषा आली ती दारूदुकानबंदीची. ती भाषा आजही बरोबर आहे.

आणि हीच भाषा खुर्चीलाही लागू करावी लागेल. आपण निवडणुका लढवू नयेत असे आमचे म्हणणे नाही. औषधातही मद्यार्क असतोच. पण ज्या उमेदवाराला ढाबा लावल्याशिवाय निवडून येता येत नाही, तो निवडून आल्यावर गुत्तेदाराला भाव विचारणार नाही, आपल्या कापसाला तर नाहीच. म्हणून या जिल्हा बैठकीत दोन ठराव यावेत. पहिला: ज्याने कोणत्याही निवडणुकीत, सोसायटीपासून जिल्हा परिषदेपर्यंत, दारू वाटली किंवा वाटू दिली, त्याच्या छातीवर संघटनेचा बिल्ला नको. मग तो कितीही जुना असो, तुरुंगात कितीही वेळा गेलेला असो. काही जण यावर नाराज होतील. एकदोन तालुक्यांत आपली सभा लहान होईल. होऊ द्यावी. दुसरा: पद संपल्यावर किंवा पडल्यावर दोन हंगाम तरी त्या माणसाने वावरात राहावे, दुसरे तिकीट मागू नये. दोन हंगामांत अंगाची थरथर बसते की नाही ते गावालाच दिसेल.

मायबहिणींसाठी एक कामाची गोष्ट. २००८ सालच्या नियमाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर परवान्याच्या दुकानासाठी मतदान घ्यावे लागते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. आडव्या बाटलीला मतदानाला आलेल्या बायांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. म्हणजे वेचणीला परगावी गेलेली, माहेरी गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, अशी प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदार मात्र आलेल्या मतांत एक मत जास्त पडले तरी निवडून येतो. हा नियम बदला अशी मागणी आपण करूच. तोवर पुढच्या तालुका बैठकीला येताना गावची मतदारयादी घेऊन यावे, मयत आणि लग्न होऊन गेलेल्या बायांची नावे वेगळी लिहून आणावीत, म्हणजे ती कमी करण्याचे अर्ज एकदमच भरता येतील. मतदान सीतादहीच्या आधी लावून घ्यावे. एकदा वेचणी सुरू झाली की बाया वावरात आणि बाटली गावात, असे होते.